फिरती लेखणी आणि धुळे

बेटावर समुद्रकाठी राहावे आणि चाकरी मात्र दूरदेशीच्या धन्याची करावी, हा हल्लीच्या अनेक तरुणांचा मनोरथ आहे. ज्या मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गतशतकापूर्वी मराठी मजूर कराराने बांधले जाऊन राबले, त्याच बेटाने २०२० साली अशा पाहुण्यांकरिता वर्षाचा खास परवाना काढला.

कचेरीवाचून काम ही कल्पना आम्हां खानदेशवासीयांस मात्र नवी वाटू नये. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांचे बिऱ्हाड जेथे जुनी दप्तरे मिळत तेथे असे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला. हिंडता हिंडताच त्यांचे बावीस झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापूनही ते तेथे स्थिरावले नाहीत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा अंत झाला. त्यांची कागदपत्रे जतन व्हावीत म्हणून १९२७ साली धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

भटक्याचे स्वातंत्र्य मोठे खरे. परंतु ज्या गावाचे पाणी प्यालो त्यास आपल्यामागे काय उरले, हा हिशेब कोणत्याही परवान्यात मागितलेला नसतो. तो ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो. राजवाड्यांनी तो चोख दिला.