प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

वाचक मायबाप, 'तारण' हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक सावकाराच्या पेढीवर. शेत तारण ठेवले, दागिना तारण ठेवला, असे आपण म्हणतो. दुसरा ख्रिस्ती मंडळींच्या देवळात. तेथे तारण म्हणजे जिवाचा उद्धार, आणि तो करणारा तो तारणारा. एकाच शब्दाच्या पोटी कर्ज आणि कृपा अशा दोन गोष्टी नांदतात. मराठी बायबलात याच्या शेजारी आणखी दोन शब्द सापडतात, 'खंडणी' आणि 'प्रायश्चित्त'. खंडणी म्हटली की आपल्याला वेशीबाहेर थांबलेली फौज आठवते, आणि प्रायश्चित्त म्हटले की पंचगव्य आठवते. शब्द सगळे आपल्या घरचे आहेत. त्यांत ठेवलेला अर्थ मात्र समजून घ्यावा लागतो.

तो समजून घ्यावा असे वाटण्याचे कारण जवळचे आहे. आमच्या अंबडपासून जालना काही फार दूर नाही. त्या जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. 'बेथेल' हा हिब्रू भाषेतला शब्द, अर्थ देवाचे घर. ही वस्ती वसवली नारायण शेषाद्री यांनी. त्यांच्या घराची हकिगत म्हणजे प्रायश्चित्त या एका शब्दाचीच हकिगत आहे. ती पुढे सांगतो. आधी सिद्धांत पाहू.

आपले शास्त्र काय सांगते? ज्याने केले त्याने भोगावे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचाच आहे, आणि विज्ञानेश्वरांनी मिताक्षरेत त्याचा मोठा विस्तार केला. कोणत्या पातकाला कोणते कृच्छ्र, कोणते चांद्रायण, हे सगळे मोजून दिलेले आहे. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे आणि कलेबरोबर कमी करायचे. यात एक मोठा न्याय आहे. पाप तुझे आहे, तेव्हा झीजही तुझ्याच अंगाला लागली पाहिजे. दुसऱ्याच्या उपासाने आपले पोट कसे हलके होईल?

ख्रिस्ती धर्म नेमका येथेच वेगळा बोलतो. तो म्हणतो, माणसाचे देणे इतके थोर आहे की ते त्याच्याने फिटणारच नाही. मग ज्याचे काहीच देणे नव्हते अशा एकाने ते फेडले. तो येशू. रोमी सुभेदार पिलात याच्या अमलात, यरुशलेम शहराबाहेर त्याला क्रुसावर चढवले. शुभवर्तमानात त्या दिवसाची एक गोष्ट आहे. सणाला एक कैदी सोडण्याची चाल होती. बरब्बा नावाचा, खुनाच्या आरोपाखाली धरलेला माणूस तुरुंगात होता. लोकांनी बरब्बाला सोडा म्हटले आणि येशूला क्रुसावर द्या म्हटले. दोषी सुटला, निर्दोष टांगला गेला. ख्रिस्ती माणूस ही गोष्ट वाचतो तेव्हा बरब्बाच्या जागी स्वतःला पाहतो. त्यांचा सगळा तारणाचा सिद्धांत या एका अदलाबदलीत आला.

ही कल्पना यहुदी धर्मातून आली. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा एक वार्षिक दिवस असे. त्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे बोलून दाखवी, आणि मग तो बकरा रानात सोडून देत. येशूच्या शिष्यांनी म्हटले, आता दरवर्षी बकरा नको. हा एकच बळी सर्वांसाठी आणि सर्वकाळासाठी पुरे.

पण बळी पुरे झाला म्हणजे नेमके काय झाले? खंडणी भरली ती कोणाला? यावर त्यांच्याकडेही शेकडो वर्षे वाद चालला. जुन्या आचार्यांपैकी काहींनी सांगितले की माणूस सैतानाच्या कैदेत होता, त्याला सोडवण्यासाठी ही खंडणी दिली. इंग्लंडातील कँटरबरीचे आचार्य अँसेल्म यांना हे पटले नाही. इसवी सन 1098 च्या सुमारास त्यांनी आपला ग्रंथ पुरा केला. त्यांचे म्हणणे असे की देव सैतानाचा ऋणी कसा असेल? माणसाने देवाचा मान मोडला आहे. ते देणे देवाचेच आहे. ते फेडण्याचे कर्तव्य माणसाचे आणि फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देवाला माणूस व्हावे लागले. थोड्याच काळाने फ्रान्सातील आबेलार यांनी वेगळा सूर लावला. त्यांच्या मते क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे कठीण काळीज पाझरते, आणि हे पाझरणे हीच सुटका. सोळाव्या शतकात लूथर आणि त्यांच्या पाठच्या मंडळींनी न्यायालयाची भाषा अधिक ठळक केली: शिक्षा आमची होती, ती त्याने सोसली.

श्रोते हो, सावकार, न्यायाधीश आणि प्रेमळ बाप अशी ही तीन रूपे झाली. येशूने स्वतः सांगितलेल्या एका गोष्टीत तिसरे रूप दिसते. धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी गेला आणि सगळे उधळून बसला. शेवटी डुकरे राखू लागला. भुकेने घरी परत निघाला, तर बाप दुरूनच पाहून धावत सुटला. मुलाने पाठ केलेले क्षमेचे शब्द पुरे होण्याआधीच नवे कपडे, अंगठी आणि मेजवानी यांचा हुकूम झाला. थोरला भाऊ मात्र रागाने दाराबाहेर उभा राहिला. मी इतकी वर्षे राबतो, मला काय मिळाले, असे त्याचे म्हणणे. या गोष्टीत कृच्छ्र नाही, चांद्रायण नाही, खंडणीही नाही. बाप आहे, पंगत आहे, आणि पंगतीला न बसणारा भाऊ आहे.

आता नारायण शेषाद्रींच्या घरी येऊ. 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा पोर, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याकडे जेवला. बाप मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. खटला संपला आणि खरा प्रश्न उभा राहिला. मुलगा घरी आला, पण जातीत आला का? त्याच्या हातचे पाणी चालेल का? त्याला प्रायश्चित्त आहे की नाही?

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हे स्वतः शास्त्र जाणणारे. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, या पक्षाला ते उभे राहिले. समोर कडवा विरोध उभा राहिला. मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले आणि बहिष्काराची भाषा सुरू झाली. श्रीपतला शुद्ध करून घेण्याचे श्रेय आजही बाळशास्त्रींच्या नावावर लिहिले जाते. 1846 साली, ऐन तारुण्यात, ते गेले. त्या मुलाचा अपराध काय होता? भावाच्या मायेने भावाच्या मागे गेला, एवढाच. बाप तर धावतच आला होता. थोरल्या भावाच्या भूमिकेत, दाराबाहेर, सगळी जात उभी होती.

हे वाचताना आपल्या वारकऱ्याच्या मनात आळंदी आणि पैठण उभे राहिले नाही तर नवल. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने संसार केला. धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी ते घेतले, असे परंपरा सांगते. तरीही चार लेकरे शुद्ध झाली नाहीत. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट चालावी लागली. दोन जीव देऊन झाल्यावरही कागद मागितला गेला. म्हणजे नुसते शास्त्र हातात धरले की हिशेब कधी पुरा होत नाही. सहाशे वर्षांच्या अंतराने मुंबईतल्या श्रीपतला हाच अनुभव आला.

आणि त्याच पैठणात पुढे एकनाथ महाराज झाले. त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग कीर्तनात मी अनेकदा लावला आहे. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी केलेला स्वयंपाक नाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढला. पैठणच्या ब्राह्मणांनी प्रायश्चित्त सांगितले. नाथ वाद न करता गोदावरीच्या काठी जाऊन बसले. त्याच वेळी त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण आला. त्याला महादेवाचा दृष्टान्त झाला होता की, अंत्यजांना जेवू घातल्याचे पुण्य नाथांकडून मागून घे, तू बरा होशील. नाथांनी पाण्याचा संकल्प सोडून ते पुण्य त्याला देऊन टाकले आणि तो बरा झाला. ज्या कृत्याचे पाप म्हणून प्रायश्चित्त चालले होते, तेच कृत्य पुण्य ठरले, आणि ते पुण्यही नाथांनी स्वतःजवळ ठेवले नाही.

मायबाप, एकाचे पुण्य दुसऱ्याला लागते हे आपल्या परंपरेला परके नाही, ते असे. फरक आहे, आणि तो झाकू नये. ख्रिस्ती म्हणतात, असा देणारा एकच झाला आणि ते देणे एकदाच झाले. आपण म्हणतो, संत युगायुगांत येतात आणि देत राहतात. त्यांच्याकडे पाप हे मुळात देवाशी तुटलेले नाते आहे. आपल्याकडे जन्मोजन्मीचे कर्म आहे, आणि नामाने ते जळते. दोन्ही एकच आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, पण त्यात दोघांचाही मान राहत नाही.

हा फरक जपूनच काहींनी दोन तीरांमध्ये पूल बांधला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली आणि 1616 साली ते क्रिस्तपुराण छापले गेले. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आणि 1895 साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून येशूकडे गेलो. 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. तुकोबांच्या पुलावरून गेलेल्या माणसाला पंगत मोठी करावीशी वाटली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पण बेथेलमध्ये आलेली माणसे तुकोबांच्या पुलावरून आलेली नव्हती. नारायण शेषाद्री जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली आणि वस्ती उभी राहिली. तेथे आलेले लोक बहुतेक मातंग समाजाचे. त्यांना कोणत्या सिद्धांताने ओढले असेल? अँसेल्म त्यांनी वाचला नव्हता. त्यांना जन्मभर एकच सांगितले गेले होते की, तुमचा जन्म हेच तुमचे पाप, आणि त्याला प्रायश्चित्तच नाही. गावाबाहेर राहणे हीच फेड, आणि ती कधी संपायची नाही. अशा माणसाला कोणी येऊन सांगितले की, बाबा, तुझे सगळे देणे फिटले आहे, आत ये आणि जेवायला बस, तर तो काय करील? त्यांना आमिष दाखवून नेले, एवढे म्हणून आपण गप्प बसतो. आमिष असेलही कुठे. पण ज्याला घरात पंगत असते, तो दुसऱ्याच्या दाराशी सहसा जात नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही. दर आषाढीला आपण तिच्यावर माथा टेकतो आणि पुढे जातो.

हे देणे आपले होते. ते फेडायला एक निर्दोष माणूसच पुढे आला. साने गुरुजी 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपवासाला बसले. त्यांनी कोणाला दाराबाहेर ठेवले नव्हते. ज्यांनी ठेवले ते जेवत होते, आणि ज्याने ठेवले नाही तो उपाशी होता. दहा दिवसांनी उपवास सुटला आणि विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. ख्रिस्ती लोक क्रुसाविषयी काय म्हणतात ते मला ग्रंथांपेक्षा या दहा दिवसांनी जास्त समजते. दुसऱ्यासाठी घेतलेले प्रायश्चित्त म्हणजे पापाला दिलेली सूट नव्हे. ज्याचे पाप आहे त्याला ते निर्दोषाच्या अंगावर दिसते, आणि मग त्याला जेवण गोड लागत नाही.

शास्त्र म्हणते, करणाऱ्याने फेडावे. ख्रिस्ती म्हणतो, एकाने सर्वांचे फेडले. आपले संत म्हणतात, नाम घे, विठोबा सांभाळील. तीन वाटा आहेत. पण तिन्ही वाटांची परीक्षा मला एकच दिसते. परतून आलेल्याला पंगतीत पान मांडले जाते का? मांडले गेले तर प्रायश्चित्त पुरे झाले, मग ते कोणीही घेतलेले असो. नाही मांडले, तर आईबापांनी जीव दिला तरी ते अपुरेच.

यंदा काला वाटताना आपल्या शेजारी कोण उभे आहे ते पाहावे. आणि त्याहून जास्त, कोण उभे नाही ते पाहावे. त्याच्या घरी बोलावणे गेले होते का, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

रामकृष्णहरी.