मृत्युपत्रें आणि वॉशिंग्टन घराणें

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याला ही म्हण ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तथापि त्याची वृत्ति तिला अनुसरूनच होती. इ. स. १७९१ च्या अखेरीस लंडनहून सर आयझॅक हर्ड या गृहस्थाचें त्याला पत्र आलें. हर्ड हा इंग्लंडच्या राजदरबारांतील मुख्य बिरुदाधिकारी, म्हणजे मानकरी घराण्यांचीं चिन्हें व वंशावळी ज्याच्या दप्तरीं असतात असा अधिकारी होता. ज्या बंडखोरानें आपल्या राजाचें राज्य घालविलें, त्याचीच वंशावळ या राजसेवकानें आदरपूर्वक विचारावी, हा योग मोठा मौजेचा आहे. वॉशिंग्टननें १७९२ च्या मे महिन्यांत उत्तर धाडलें. या विषयाकडे आपण फारसें लक्ष दिलेलें नाहीं असें सांगून त्यानें घरांत चालत आलेली हकीकत कळविली, ती अशी कीं, आपला पणजोबा जॉन व त्याचा भाऊ लॉरेन्स हे इंग्लंडच्या उत्तर भागांतून १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियांत आले. ते कोणत्या गांवचे व कोणाचे पुत्र, याचा त्याला पत्ता नव्हता.

हर्डनें मग आपलें दप्तर चाळलें. नॉर्दॅम्प्टन परगण्यांत सल्ग्रेव्ह नांवाचें एक खेडें आहे. आठव्या हेन्रीनें ख्रिस्ती मठ मोडून त्यांच्या जमिनी विकावयास काढल्या, तेव्हां तेथील जहागीर नॉर्दॅम्प्टनचा लोंकरीचा व्यापारी लॉरेन्स वॉशिंग्टन यानें १५३९ सालीं ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स देऊन सरकारांतून विकत घेतली. त्याच्या वंशांत पुढें जॉन आणि लॉरेन्स या नांवाचे दोन सख्खे भाऊ हर्डला आढळले. नांवें जुळलीं, काळही साधारण जुळत होता. एवढ्या आधारावर त्यानें त्या दोघां भावांना गलबतावर चढवून व्हर्जिनियांत उतरविलें. पुढील चरित्रकारांनीं हीच वंशावळ निमूटपणें उतरून घेतली आणि ती सुमारें पाऊणशें वर्षें खरी म्हणून चालली.

तिचा पाया उखडला तो जोसेफ लेम्युएल चेस्टर यानें. हा मूळचा अमेरिकन. परंतु लंडनला येऊन इंग्लंडच्या जुन्या नोंदवह्या उतरून घेण्यांत त्यानें आपलें उरलेलें आयुष्य वेंचलें. १८६६ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, हर्डचा जॉन हा राजाकडून 'सर' ही पदवी मिळालेला सरदार होता आणि त्याचा भाऊ लॉरेन्स हा धर्मोपदेशक होता. व्हर्जिनियांतील जॉननें कोठेंही स्वतःस 'सर' म्हणवून घेतलेलें नाहीं. त्या काळचा माणूस आपल्या नांवांतील एक अक्षर गाळील, पण राजानें दिलेली पदवी गाळणार नाहीं! चेस्टरचा हा मुद्दा बिनतोड होता. मात्र खोटें पाडणें आणि खरें शोधून काढणें या दोन गोष्टी निराळ्या. १८८२ सालीं चेस्टर वारला तरी खऱ्या पित्याचें नांव निर्विवाद सिद्ध झालें नव्हतें.

आतां व्हर्जिनियांतील कागद काय सांगतात तें पाहूं. जॉन वॉशिंग्टन तेथें आला तो जमीनदार म्हणून नव्हे, तर 'सी हॉर्स' नांवाच्या व्यापारी जहाजावरचा दुय्यम अधिकारी म्हणून. तंबाखू भरून परत निघालेलें तें जहाज १६५७ च्या आरंभीं पोटोमॅक नदींत वाळूवर रुतलें. त्याचा धनी एडवर्ड प्रेस्कॉट याच्याशीं वेतनावरून जॉनचा तंटा जुंपला. प्रेस्कॉटनें तर उलट त्याच्याकडेच येणें काढलें. तेव्हां नॅथॅनियल पोप या तेथील जमीनदारानें तें देणें बीव्हर नामक प्राण्याच्या कातड्यांनीं फेडण्याची तयारी दाखविली. पुढें पोपची कन्या ॲन हिच्याशीं जॉनचा विवाह झाला आणि १६५९ सालीं सासऱ्यानें ७०० एकर जमीन दिली. एका बेकार खलाशाचा जमीनदार दोन वर्षांत कसा झाला, याचें उत्तर या नोंदींत आहे.

त्याच वर्षींचा आणखी एक कागद फार विलक्षण आहे. प्रेस्कॉटच्या जहाजावर एलिझाबेथ रिचर्डसन नांवाच्या स्त्रीला चेटकीण ठरवून फांशीं देण्यांत आलें, अशी फिर्याद जॉननें मेरीलंड वसाहतीच्या गव्हर्नराकडे केली होती. ऑक्टोबरांत सुनावणीचा दिवस नेमला गेला; परंतु फिर्यादीनें उलट कळविलें कीं, त्याच सुमारास आपल्या मुलाचा बाप्तिस्मा आहे, पाहुण्यांना निमंत्रणें गेलीं आहेत, तरी येतां येत नाहीं. साक्षीदार नसल्यामुळें प्रेस्कॉट निर्दोष सुटला. त्या अभागी बाईसाठीं कोणी बारसें पुढें ढकललें नाहीं, हें वाचून मन खिन्न होतें. पण ज्या मुलाचा बाप्तिस्मा होता तो लॉरेन्स म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा आजोबा, आणि त्याच्या जन्माचें साल आपल्याला कळतें तें या सबबीच्या पत्रावरून!

वंशाचा शोध घेणाऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, यांतला एकही कागद वंश सांगण्यासाठीं लिहिलेला नाहीं. वेतन, कर्ज, फिर्याद, जमीन, हे त्यांचे विषय. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांतील महजरांत जशी पिढ्यांची माहिती ओघानें येते, तशीच येथेंही येते. मुद्दाम लिहिलेल्या वंशावळींत गर्व डोकावतो. कोर्टकचेरीच्या कागदांत लबाडी असली तरी ती बहुधा पैशाची असते, पूर्वजांची नसते. अर्थात् हे कागदही डोळे मिटून वाचावयाचे नाहींत. जो कोणी स्वतःच्या खर्चानें इंग्लंडहून माणूस आणील त्याला दर डोईमागें ५० एकर जमीन द्यावयाची, असा व्हर्जिनियाचा कायदा होता. त्यामुळें जमिनीच्या सनदांबरोबर आणलेल्या माणसांच्या याद्या आहेत. पण हे हक्क विकले जात, एकच नांव दोनदां लावलें जाई, आणि एकदां मायदेशीं जाऊन परतलेला माणूसही नवा म्हणून मोजला जाई. सनदेंतील वर्ष तेंच आगमनाचें वर्ष, असें धरून चालणाऱ्या अमेरिकन कुळांनीं आपले कित्येक पूर्वज चुकीच्या सालीं किनाऱ्यावर उतरविले आहेत.

चेस्टरच्या मृत्यूनंतर, १८८३ सालीं, न्यू इंग्लंडच्या ऐतिहासिक व वंशशास्त्रीय संस्थेनें सेलेमच्या हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स याला लंडनला पाठविलें. तेथें सॉमरसेट हाउसमध्यें ठेवलेलीं जुनीं मृत्युपत्रें एकेक करून वाचणें हें त्याचें काम. या कष्टाळू माणसानें १८८९ सालीं वॉशिंग्टन प्रकरणाचा निकाल लावला, आणि तो ज्या कागदांवरून लावला त्यांत वॉशिंग्टन आडनांवाच्या कोणाही थोर पुरुषाचें मृत्युपत्र नाहीं.

पहिला धागा असा. इंग्लंडच्या दप्तरांत १६७७ सालची एक नोंद आहे: ल्यूटन गांवीं पूर्वीं राहणारा व व्हर्जिनियांत मृत झालेला लॉरेन्स वॉशिंग्टन याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार त्याच्या मुख्य सावकाराला दिला आहे. व्हर्जिनियांत या लॉरेन्सचें १६७५ सालचें मृत्युपत्र आहे, त्यांत इंग्लंडांतील आपली सर्व मालमत्ता तो आपली कन्या मेरी हिला देतो. म्हणजे भावांचें ठिकाण उत्तरेकडे नव्हे, तर लंडनच्या वायव्येस थोड्या अंतरावर शोधावयाचें. ल्यूटनपासून ट्रिंग हें गांव फार दूर नाहीं. तेथील देवळाच्या वहींत १६३५ सालीं लॉरेन्स वॉशिंग्टनच्या लॉरेन्स या मुलाचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. आणि त्याच गांवच्या अँड्र्यू नोलिंग नांवाच्या एका वृद्ध गृहस्थानें मरण्यापूर्वीं आपल्या मृत्युपत्रांत ॲम्फिलिस वॉशिंग्टन हिला व तिच्या मुलांना देणग्या लिहून ठेविल्या आहेत. मुलांचीं नांवें जॉन, लॉरेन्स, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था. त्यांतला लॉरेन्स हा नोलिंगचा धर्मपुत्र, म्हणून जमीन त्याला. ॲम्फिलिस वारल्यावर तिच्या मालमत्तेचा अधिकार मिळाला तो जॉनला.

येथें मराठी वाचकाला मौज वाटेल असा एक घोटाळा आहे. नोलिंग ॲम्फिलिसला जो शब्द लावतो तो आजच्या इंग्रजींत सुनेचा आहे. मग तिच्या नवऱ्याचें आडनांव नोलिंग कां नाहीं? उलगडा असा कीं, सतराव्या शतकांत तोच शब्द सावत्र मुलीलाही लावीत. नोलिंग हा तिच्या आईचा नंतरचा नवरा. तीच गत 'कझिन' या शब्दाची: तो भाच्यापुतण्यांनाही बेधडक लावलेला आढळतो. मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ असे वेगळे शब्द ज्या भाषेंत आहेत, तिच्या संशोधकाची यांतून पुष्कळ डोकेफोड वांचते. कालगणनेचीही अशीच अडचण. इंग्लंडांत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदले. ॲम्फिलिसला पुरलें तें जुन्या हिशेबानें १६५४ च्या जानेवारींत आणि आपल्या हिशेबानें १६५५ च्या.

आतां ॲम्फिलिसचा नवरा कोण? येथें दोन बायकांचीं मृत्युपत्रें उपयोगी पडतात. जॉननें १६७५ सालच्या आपल्या मृत्युपत्रांत बहीण मार्था हिला १० पौंड व ४,००० पौंड वजनाची तंबाखू दिली आहे, आणि तिच्या प्रवासाचा व वर्षभराच्या राहण्याचा खर्च सोडून दिला आहे. (व्हर्जिनियांत तंबाखू हेंच नाणें होतें.) ही मार्था पुढें हेवर्ड घराण्यांत पडली. १६९७ सालीं तिनें मृत्युपत्र केलें, त्यांत इंग्लंडांतील थोरली बहीण एलिझाबेथ रम्बोल्ड आणि दुसरी बहीण मार्गारेट यांना तंबाखू ठेविली आहे. इकडे इंग्लंडांत एलिझाबेथ म्यूस नांवाच्या बाईनें १६७६ सालीं एलिझाबेथ रम्बॉल हिला आपली भाची म्हणून देणगी दिली आहे. आणि ही म्यूसबाई म्हणजे सल्ग्रेव्हच्या त्या धर्मोपदेशक लॉरेन्सची सख्खी बहीण! हर्डनें ज्याला गलबतावर चढविलें होतें तो लॉरेन्स स्वतः कधींच गेला नाहीं. गेले ते त्याचे दोन मुलगे. हर्ड बिचारा एकाच पिढीनें चुकला होता. घराणें त्यानें बरोबर ओळखलें, पण मुलांच्या जागीं बाप आणि काका यांना बसविलें.

या लॉरेन्सची कथा करुण आहे. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा हा फेलो. पुढें एसेक्समधील पर्ले येथें धर्मोपदेशकाची चांगली जागा त्याला मिळाली. राजा व पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें तेव्हां तो राजपक्षाचा म्हणून १६४३ सालीं त्याला काढून टाकण्यांत आलें. आरोप लेखी आहे: गुत्त्यांत बसून दारू पितो. विरुद्ध पक्षाच्या लोकांनीं केलेला हा आरोप किती खरा मानावयाचा तें ज्यानें त्यानें ठरवावें. मला तरी तो फारसा विश्वसनीय वाटत नाहीं. दहा वर्षांनीं तो विपन्नावस्थेंत वारला. विद्वानाचा वडील मुलगा तंबाखूच्या गलबतावर नोकरी कां धरतो, हें आतां निराळें सांगावयास नको. 'उत्तर इंग्लंड' ही घरची आठवण कोठून आली असावी? जॉर्जचा बाप ऑगस्टिन हा पोरका झाल्यावर कांहीं काळ सावत्र बापाकडे व्हाइटहेव्हनला होता व उत्तरेकडील ॲपलबीच्या शाळेंत शिकला. जॉर्जचे सावत्र भाऊही त्याच शाळेंत गेले. बापाच्या शाळेचें गांव तेंच पूर्वजांचें गांव, असा समज मुलांनीं करून घेतला असावा असें मला वाटतें.

जमिनीच्या कागदांची साखळी याहूनही सरळ आहे. १६७४ सालीं जॉननें निकोलस स्पेन्सर याच्याबरोबर लिटल हंटिंग क्रीक येथें ५,००० एकर जमीन मिळविली. तिचा अर्धा भाग त्याच्या मुलाकडे, त्याच्या १६९८ च्या मृत्युपत्रानें नात मिल्ड्रेडकडे, तिच्याकडून १७२६ सालीं १८० पौंडांना तिचा भाऊ ऑगस्टिन याच्याकडे, आणि मग त्याचा वडील मुलगा लॉरेन्स याच्याकडे गेला. लॉरेन्सनें ॲडमिरल व्हर्नन याच्या नांवावरून त्या जागेला माउंट व्हर्नन म्हटलें. तो १७५२ त वारला, मागून त्याची मुलगी गेली, आणि १७६१ त विधवा वारल्यावर ती मिळकत जॉर्जच्या हातीं पूर्णपणें आली.

परंतु या मिळकतींत केवळ जमीन नव्हती. जॉन वॉशिंग्टनच्या हयातींतच, १६६२ सालीं, व्हर्जिनियानें कायदा केला कीं, मूल गुलाम कीं स्वतंत्र हें आईवरून ठरावें. त्याचा परिणाम कागदांवर स्पष्ट दिसतो. गोऱ्यांच्या वंशावळींत बाप ठळक आणि आई अंधुक. निग्रो माणसांच्या यादींत आई ठळक आणि बाप बहुधा नाहींच. कारण दोहोंकडे एकच, मिळकत कोणाची हें ठरविणें. जॉर्ज वॉशिंग्टननें १७९९ सालीं मृत्युपत्र केलें तेव्हां माउंट व्हर्ननवरील ३१७ गुलामांची यादी तयार केली; शेत, धंदा, वय, विवाह झाला असल्यास जोडीदार, आणि मुलांपुढें आईचें नांव. आपल्या मालकीच्या सर्वांना पत्नीच्या पश्चात् मुक्त करावें असें त्यानें लिहिलें; विल्यम ली या आपल्या खास सेवकाला मात्र ताबडतोब, वर्षाला ३० डॉलरच्या नेमणुकीसह. उरलेले बहुतेक पत्नीच्या पहिल्या घरचे. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्या दोघांनाही नव्हता. त्या यादींतल्या माणसांचे वंशज आज आपले पूर्वज शोधतात ते तिच्याच आधारें.

जॉर्जचा भाऊ जॉन ऑगस्टिन याची विधवा हॅना हिनें आपल्या मृत्युपत्रांत वेस्ट नांवाच्या एका मुलासाठीं लिहिलें आहे: त्याला देवी टोंचवाव्या, चांगल्या कारागिराच्या हाताखालीं ठेवावें, आणि एकविसाव्या वर्षीं मुक्त करावें. हा वेस्ट फोर्ड. हॅनाचा मुलगा बुशरॉड १८२९ सालीं वारला, तेव्हां त्यानें त्याला माउंट व्हर्ननजवळची जमीन मृत्युपत्रानें दिली. फोर्डनें ती १८३३ सालीं विकून दुसरी मोठी जमीन घेतली, आणि तिच्यावर मुक्त निग्रोंची गम स्प्रिंग्ज ही वस्ती उभी राहिली. ती अद्याप तेथें आहे. फोर्ड हा वॉशिंग्टन रक्ताचा होता असें त्याचे वंशज परंपरेनें सांगत आले आहेत. हॅनाच्या मृत्युपत्रांत त्याच्या आईचें नांव आहे, व्हीनस. बापाचें नांव त्यांत नाहीं.