पोर्ट्रेट लेन्सचा इतिहास : चेहरा उरतो, गाव पुसले जाते

१/ मिररलेस कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची प्राइम लेन्स लावून कोणाचे व्यक्तिचित्र टिपले, की डोळे लख्ख दिसतात आणि मागचे जग विरघळून जाते. आज हा पुसटपणा हौसेने, पैसे मोजून विकत घेतला जातो. त्याची जन्मकथा मात्र १८४० च्या व्हिएन्नातली आहे आणि तिचा आरंभ एका साध्या अडचणीपासून होतो : माणूस फार वेळ निश्चल बसू शकत नाही. #धागा #इतिहास

२/ आधी एक संज्ञा. ज्या लेन्सचे नाभीय अंतर बदलता येत नाही, ती प्राइम लेन्स. तिच्यात झूम नसते. चौकट बदलायची तर छायाचित्रकारालाच पुढे-मागे व्हावे लागते. छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक लेन्सा याच प्रकारच्या होत्या. त्यामुळे प्राइम हे वेगळे नाव देण्याचेही कारण नव्हते.

३/ १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची प्रक्रिया जाहीरपणे उलगडून सांगण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर इमारती, रस्ते, पुतळे विलक्षण बारकाव्याने उमटू लागले. पण लेन्सचे छिद्र फार लहान होते, सुमारे एफ/१५. भर उन्हातही पत्र्याला कित्येक मिनिटे प्रकाश दाखवावा लागे. पुतळ्याला त्याचे काही वाटत नाही. माणसाची मात्र पापणी लवते, मान हलते.

४/ व्हिएन्नातील प्राध्यापक आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांनी हा शोध पॅरिसमध्ये पाहिला आणि परतल्यावर आपले सहकारी योझेफ पेट्झव्हाल यांच्यापुढे प्रश्न ठेवला : अधिक प्रकाश आत घेणारी लेन्स रचता येईल का? पेट्झव्हाल व्हिएन्ना विद्यापीठात उच्च गणित शिकवीत. त्यांचा जन्म १८०७ चा, आजच्या स्लोव्हाकियातील स्पिश्स्का बेला या गावचा.

५/ त्या काळी लेन्स प्रामुख्याने कारागिराच्या अनुभवावर घडे : काच घासायची, पाहायचे, पुन्हा घासायची. पेट्झव्हाल यांनी आधी कागदावर हिशेब मांडला. प्रकाशाचा प्रत्येक किरण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर किती वळेल, याची ती दीर्घ आकडेमोड होती. मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणित जाणणारे सैनिक मिळाले. तोफगोळ्याचा मार्ग मोजणारे हात काही काळ प्रकाशाचा मार्ग मोजत होते.

६/ १८४० मध्ये रचना सिद्ध झाली. एकूण चार भिंगे : पुढे परस्परांना चिकटवलेली एक जोडी आणि मागे मधे हवेची फट राखलेली दुसरी जोडी. नाभीय अंतर सुमारे १५० मिलिमीटर, छिद्र एफ/३.६. एफ/१५ च्या तुलनेत आत येणारा प्रकाश सतरापटींहून अधिक! व्हिएन्नातील फोग्टलेंडर या कारखान्याने ती घडवली आणि १८४१ मध्ये संपूर्ण पितळी कॅमेऱ्यासह बाजारात आणली. त्यातून मिळणारे चित्र वर्तुळाकार असे.

७/ त्याच सुमारास पत्र्यावरील रसायनेही अधिक संवेदनशील झाली. दोन्ही सुधारणा एकत्र आल्या आणि व्यक्तिचित्राचा काळ मिनिटाच्या आत आला. मान स्थिर ठेवण्यासाठी पाठीमागे लोखंडी आधार लावावा लागे, हे खरे. तरीही सामान्य माणसाला स्वतःचे चित्र काढून घेणे प्रथमच आवाक्यातले झाले. युरोप-अमेरिकेत व्यक्तिचित्रांचे स्टुडिओ झपाट्याने उभे राहिले.

८/ मात्र या प्रकाशाची किंमत मोजावी लागली. पेट्झव्हाल यांच्या लेन्समधून उमटणारी प्रतिमा सपाट पडत नाही, वाटीसारखी वक्र पडते. पत्रा तर सपाट. म्हणून मध्यभाग काटेकोर आणि कडा विरत गेलेल्या. शिवाय छिद्र मोठे असल्यामुळे स्पष्टतेची खोलीही थोडीच. चेहरा मध्यभागी असल्याने कोणाची तक्रार नव्हती. आज ज्याला आपण पोर्ट्रेटची खासियत म्हणतो, तो त्या वेळी सोसून घेतलेला दोष होता.

९/ गणितज्ञाच्या पदरी काय पडले? एकरकमी २००० गुल्डेन. ऑस्ट्रियाबाहेर एकस्व नसल्याने अनेक देशांतल्या कारागिरांनी ही रचना उचलली. फोग्टलेंडरशी संबंध बिघडले. १८४९ मध्ये त्या कारखान्याने जर्मनीत, ब्राउनश्वाइग येथे बस्तान हलवले. १८५९ मध्ये पेट्झव्हाल यांच्या घरी चोरी झाली आणि त्यांची हस्तलिखिते नष्ट झाली. १८९१ मध्ये ते निवर्तले. प्रकाशशास्त्रात मात्र प्रतिमेची वक्रता मोजणारी राशी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१०/ दोषाचे भाषेत रूपांतर करणारी व्यक्ती पुढच्या पिढीतली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म १८१५, कलकत्ता. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांना मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यावरची फ्रेंच लेन्स पेट्झव्हाल यांच्याच रचनेची होती. कॅमेरॉनबाई कॅमेरा अगदी जवळ नेत, मागे गडद कापड सोडत आणि चेहरा पुरेसा मृदू दिसू लागला की तेथेच थांबत.

११/ समकालीन जाणकारांनी त्यांच्या चित्रांना अस्पष्ट व निष्काळजी ठरवले. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल हे त्यांचे जुने स्नेही. त्यांना लिहिलेल्या १८६४ च्या पत्रात कॅमेरॉनबाईंनी उलट प्रश्न विचारला. त्याचा आशय असा : कोणता फोकस खरा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला? १८६७ मध्ये त्यांनी याच हर्शेल यांचे जे चित्र काढले, त्यात अंधारातून वर येणारा एक वृद्ध चेहरा आहे आणि जवळपास दुसरे काहीच नाही.

१२/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थबकावे. हर्शेल, टेनिसन, डार्विन यांच्या या चित्रांत पार्श्वभूमी नाही म्हणून आपले काही अडत नाही. त्यांची नावे, घरे, पत्रव्यवहार सारे अन्यत्र नोंदलेले आहे. १८७५ मध्ये कॅमेरॉन कुटुंब सिलोनला गेले. तेथे बाईंनी स्थानिक स्त्री-पुरुषांची आणि मळ्यांवरील मजुरांचीही चित्रे काढली. चेहरे तितकेच प्रभावी. पण त्यांपैकी बहुतेकांची नावे आज आपल्यापाशी नाहीत.

१३/ व्यक्तिचित्राची लेन्स माणसाला त्याच्या भोवतालातून अलग करते. ज्याचे नाव आधीच जगाला ठाऊक आहे, त्याला त्यामुळे वलय लाभते. ज्याचे नाव कोणी टिपले नाही, त्याचा अखेरचा पुरावाही, म्हणजे मागचे घर, अवजार, रस्ता, त्याच पुसटपणात जातो. छायाचित्र हे साधन म्हणून वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

१४/ शंभराहून अधिक वर्षांनंतरचे उदाहरण पाहा. १९८४, पेशावरजवळील नासिर बाग निर्वासित छावणी. स्टीव्ह मॅककरी यांनी निकॉन एफएम२ कॅमेरा आणि १०५ मिलिमीटर एफ/२.५ प्राइम लेन्स वापरून एका अफगाण मुलीचे चित्र टिपले. जून १९८५ मध्ये ते नॅशनल जिऑग्रफिकच्या मुखपृष्ठावर आले. मागे केवळ हिरवट छटा. छावणी कोठेच दिसत नाही. तो चेहरा जगाने ओळखला, पण तिचे नाव जगाला कळले ते २००२ मध्ये.

१५/ आता यंत्राकडे. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची, तिचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. व्यक्तिचित्रासाठी त्याच्या दुपटीच्या आसपासचे नाभीय अंतर सोयीचे ठरले, म्हणून ८५. चेहरा व खांदे चौकटीत भरायला दीड-दोन मीटर लांब उभे राहावे लागते; तेवढ्या अंतरावरून नाक अवास्तव मोठे दिसत नाही. चेहऱ्याचे प्रमाण ठरते ते अंतरामुळे; लेन्स फक्त त्या अंतरावर उभे राहायला लावते.

१६/ १८४१ च्या कॅमेऱ्यात आरसा नव्हता. लेन्समधून आलेला प्रकाश थेट मागच्या घासलेल्या काचेवर पडे व चित्र उलटे दिसे. आरशाच्या कॅमेऱ्याचे एकस्व थॉमस सटन यांनी १८६१ मध्ये घेतले. निकॉन एफ सारख्या कॅमेऱ्यांनी १९५९ नंतर ती पद्धत सर्वदूर नेली. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून निकॉन एफ मध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर आहे.

१७/ २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ आला आणि आरसा पुन्हा निघाला. निकॉनच्या २०१८ च्या झेड मालिकेत हेच अंतर १६ मिलिमीटर आहे. या मोकळ्या झालेल्या जागेत अ‍ॅडॅप्टर बसतो, म्हणून कित्येक जुन्या प्राइम लेन्सा आज मिररलेसवर चालतात. फोकस हाताने करावा लागतो, पण दृश्य मोठे करून पाहता येते. २०१३ मध्ये लोमोग्राफीने तर ८५ मिलिमीटरची नवी पितळी पेट्झव्हाल लेन्सच बाजारात आणली. पूर्वीचा दोष आता विक्रीचा गुण झाला होता!

१८/ मिररलेसने खरी क्रांती केली ती फोकसमध्ये. ८५ मिलिमीटर, एफ/१.४ आणि दीड मीटर अंतर घेतले, तर स्पष्टतेची खोली सुमारे अडीच सेंटिमीटर भरते. डोळा नेमका साधला तर नाकाचे टोक पुसट होते. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा संवेदक वेगळा असे, त्यामुळे केसभर चूक संभवे. मिररलेसमध्ये प्रतिमा टिपणारा संवेदकच फोकस पाहतो आणि डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतो.

१९/ म्हणून एक व्यवहार्य सूचना. मौखिक इतिहासासाठी आजी-आजोबांची, कारागिरांची, गिरणीत काम केलेल्यांची चित्रे काढत असाल, तर दोन चित्रे काढा. एक ८५ ने, चेहऱ्याचे. ही लेन्स एफ/५.६ वर नेली तरी दोन मीटरवर खोली १८ सेंटिमीटरच्या आसपासच राहते, घर काही स्पष्ट येत नाही. म्हणून दुसरे चित्र ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ/८ वर, त्या व्यक्तीच्या खोलीसह, हत्यारांसह घ्या.

२०/ आणि त्याच दिवशी लिहून ठेवा : नाव, गाव, तारीख, चित्र काढायला दिलेली संमती. कॅमेरा प्रत्येक फायलीत लेन्स, छिद्र आणि वेळ आपोआप नोंदवतो. समोरच्या माणसाचा डोळा तो क्षणार्धात शोधतो. त्या माणसाचे नाव मात्र आजही आपल्यालाच विचारावे लागते.

(समाप्त) घरातील जुन्या छायाचित्रांत मागे काय दिसते आणि पाठीवर कोणाचे नाव लिहिलेले आहे, ते पाहून जरूर कळवा. धागा उपयुक्त वाटल्यास पुढे पाठवा. #छायाचित्रण #इतिहास #मराठी