दिव्याच्या तारेतून आलेलं विडिया

पुण्यात वर्षानुवर्षं भिंतींना भोकं पाडणारा मिस्त्री बंगळूरजवळच्या आनेकलला कामाला गेला, तर त्याचं ड्रिलचं बिट लवकर झिजेल. मशीन तेच, बिटही तेच. बदलतो तो दगड.

पुण्याकडच्या काँक्रीटमध्ये काळ्या बेसॉल्टची खडी असते. तिच्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, जवळजवळ नसते. आनेकलकडे ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचा पट्टेदार दगड. ग्रॅनाइटमध्ये पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त गारगोटी असते. कठीणपणाच्या १० च्या पट्टीवर गारगोटी ७, तर पोलादी कानस साधारण साडेसहा. म्हणजे इथे दगडच पोलादाला खातो.

पूर्वी अशा दगडात भोक पाडायला दोन माणसं लागत. एकाने छिन्नी धरून प्रत्येक ठोक्यानंतर थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. टोक बोथट झालं की लोहाराकडून पाजवून आणायचं.

हे बदललं ते विजेच्या दिव्यामुळे. दिव्यातली टंगस्टनची बारीक तार हिऱ्याला पाडलेल्या भोकातून ओढावी लागे, आणि हिरा महाग. बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर दाबून भाजली. पेटंटचा अर्ज १९२३ चा. कार्बाइड कठीण पण ठिसूळ. विटांना सिमेंट धरून ठेवतं तसे त्याचे कण कोबाल्टने धरले. १९२६ मध्ये क्रुप कंपनीने या मालाला नाव दिलं विडिया. जर्मन 'वी डियामांट', म्हणजे हिऱ्यासारखं. १९६४ मध्ये विडिया इंडिया ही कंपनी बंगळुरात आली. आजही वर्कशॉपमध्ये कार्बाइडच्या हत्याराला, कंपनी कोणतीही असो, अनेकजण विडियाच म्हणतात.

तुमच्या घरातलं बिट हातात घ्या. अंग पोलादाचं, टोकाला कार्बाइडची पट्टी ब्रेझिंगने बसवलेली, अंगापेक्षा किंचित रुंद. ती काँक्रीट कापत नाही, हॅमरच्या ठोक्याने ठेचते. पिळाच्या खाचेतून भुकटी बाहेर येते.

मला काळजी वाटते ती या भुकटीची. गारगोटीची ही बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात तो सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता. पण जिगणी किंवा अत्तिबेलेच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पडद्याचा दांडा बसवायला आलेला मिस्त्री कारखान्यात नसतो. त्याचा खोकला कोण कळवणार?

विडियाने घण मारणाऱ्याचे हात सोडवले. छाती आपण सांभाळायची आहे. पुढच्या वेळी मिस्त्री आला की खिडकी उघडा, भोकाजवळ व्हॅक्यूमची नळी धरा, आणि त्याला रुमाल बांधू न देता नीट बसणारा एन-९५ मास्क द्या.