ओल आणि जुन्या युक्त्या

महाबळेश्वरचा पावसाळा सोसेना, म्हणून बारमाही राहता येईल अशी जागा साहेबांनी शोधली, आणि १८६०च्या दशकात जॉन चेसन यांच्या हातून पाचगणी वसली. पाऊस इथे कमी खरा, पण ओल कुणाला चुकली? जुन्या घरांनी तिच्यावर साधे उपाय काढले होते. मृगाआधी पावसाच्या बाजूच्या भिंतीला वाळल्या गवताची झड बांधायची. पाणी गवतावरूनच निथळायचं, भिंत कोरडी. मिठात चार तांदूळ, कपाटात लोणारी कोळशाची पुरचुंडी, भिजल्या बुटांत रात्रभर रद्दीचे बोळे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सिमेंटच्या इमारतीत आलो नि हे सगळं मागे राहिलं. रंगावर खर्च होतो, पश्चिमेकडच्या फ्लॅटमधल्या आजी-आजोबांचा खोकला मात्र दर श्रावणात ठरलेला. आता तिसऱ्या मजल्याला झड कोण बांधणार! पण कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायला काय लागतं? मागे हवा खेळली की बुरशी सहसा धरत नाही. आणि तो कोळसा टाकू नका. उघडीप मिळाली की उन्हात तापवायचा, पुन्हा कामाला येतो.