विद्यार्थी सामुदायिक बाग (नेकार खोरे, जर्मनी)

विद्यार्थी सामुदायिक बाग : विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांनी मिळून भाजीपाला, फळे व फुले पिकवण्यासाठी चालवलेली बाग. वाफे सामाईक असतात किंवा वाटून दिलेले असतात. अवजारे, पाणी, खताचा खड्डा आणि फाटकाची किल्ली मात्र सगळ्यांची. जमीन संस्थेची, श्रम विद्यार्थ्यांचे, आणि पिकाची वाटणी आपसांत ठरवायची, अशी ही साधी मांडणी. या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शनात भर असतो तो माती, बियाणे आणि खतावर. त्या गोष्टी शिकता येतात आणि चुकल्या तर पुढच्या हंगामात सुधारताही येतात. बागेचा खरा कस लागतो तो सुट्टीत आणि पदवीदानानंतर. ज्यांनी पेरले ते काढणीच्या वेळी गावात नसतात, आणि दोन-तीन वर्षांत कायमचेच निघून जातात. म्हणून बाग किती वर्षे टिकेल हे तिचा कारभार एका तुकडीकडून दुसरीकडे कसा सोपवला जातो, यावरच मुख्यतः ठरते.

ही अडचण नीट दिसण्यासाठी दक्षिण जर्मनीतील नेकारसुल्मचा परिसर घेता येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, सुल्म ही छोटी नदी जिथे नेकारला मिळते तिथे हे औद्योगिक शहर आहे. एनएसयू ही दुचाकी व मोटारींची कंपनी इथलीच. १९६९ मध्ये ती आउटो युनियनमध्ये विलीन झाली आणि आज त्या जागी आउडीचा कारखाना आहे. लिडल ही दुकानांची साखळी चालवणाऱ्या श्वार्त्स समूहाचे मुख्यालयही इथेच. गावाला विद्यापीठ नाही. उच्च शिक्षण एकवटले आहे ते दक्षिणेला काही किलोमीटरवर, हाइलब्रॉनमध्ये. तिथे डीटर श्वार्त्स प्रतिष्ठानाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘बिल्डुंग्सकाम्पुस’ या संकुलात उपयोजित विज्ञानांची होखशूल (उच्च शिक्षणसंस्था), म्युनिक तांत्रिक विद्यापीठाची शाखा आणि नोकरी-शिक्षण जोडणारी ड्युआल होखशूल एकत्र नांदतात. २०२२-२३ पासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा पहिला क्रमांक आहे. मेथी-कोथिंबिरीचा एखादा वाफा हवा असे वाटणारी मराठी मुलेमुलीही त्यामुळे अशा संकुलांत भेटणारच.

आता या खोऱ्याचे ऋतुमान आणि शिक्षणाचे कॅलेंडर शेजारी ठेवावे. जर्मन विद्यापीठांत उन्हाळी सत्राची व्याख्याने साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत आणि हिवाळी सत्राची ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. होखशूलमध्ये सारे महिनाभर अलीकडे. दव गोठवणाऱ्या थंडीची भीती मात्र ‘आइसहायलिगे’ म्हणजे ११ ते १५ मे हे दिवस उलटेपर्यंत जात नाही. टोमॅटो, काकडी, घेवडा, भोपळा यांची रोपे उघड्यावर लावायची ती त्यानंतरच. ती फळाला येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमकी आवार रिकामे असताना. ड्युआल होखशूलचे गणित आणखी अवघड. तिथले विद्यार्थी साधारण तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत, असे आलटून-पालटून शिकतात. एकच तुकडी सलग एक पीक पेरण्यापासून काढणीपर्यंत पाहील, असे तिथे क्वचितच घडते. महाराष्ट्रात याची उलटी बाजू दिसते. जूनमध्ये वर्ग भरतात तेव्हाच पाऊस येतो, त्यामुळे खरिपाच्या भाज्यांचे जमून जाते. पण एप्रिल-मेच्या सुट्टीत पाणी आटते आणि झारी धरणारा हात गावी गेलेला असतो.

यावर एक सरळ उत्तर दिले जाते, की कॅलेंडरला मानवतील अशीच पिके घ्यावीत. ते पुष्कळ अंशी बरोबर आहे, आणि कोणत्याही नव्या गटाने सुरुवात तिथूनच करावी. लसूण ऑक्टोबरात लावला की जुलैच्या सुमारास निघतो. लावणी आणि काढणी दोन्ही सत्रात बसतात. शरदात पेरलेला पालक थंडी सोसून एप्रिलमध्ये पानांनी भरतो. फेल्डसालाट नावाची कोशिंबिरीची बारीक पालेभाजी थंडीतच घ्यायची असते. मुळ्याच्या छोट्या जाती चार-सहा आठवड्यांत तयार होतात. स्ट्रॉबेरी मे-जूनची, आणि रुबार्बची काढणी रूढीने २४ जूनला थांबवतात. एवढ्यावर बऱ्यापैकी बाग उभी राहते. पण पिके निवडून केवळ काढणीचा प्रश्न सुटतो. तणाला सत्रान्त कळत नाही. जुलैअखेर मोकळा सोडलेला वाफा ऑक्टोबरात परत येणाऱ्यांना कमरेएवढ्या गवतात सापडतो, आणि नव्या सदस्यांचा पहिला महिना खुरपणीतच जातो. वाफ्यांवर गवताचे जाड आच्छादन घालून हे कमी करता येते, पण ते घालायचे कोणी, हा प्रश्न पुन्हा माणसांपाशीच येतो.

मुलांसाठी काढलेल्या बागेचे पुढे काय होते, याचा जर्मनीतला सर्वांत बोलका दाखला लाइपझिगचा आहे. तिथे १८६४ मध्ये एर्न्स्ट इनोत्सेन्झ हाउशिल्ड या शाळाप्रमुखाने पालकांची संस्था स्थापली आणि तिला डॉक्टर मोरित्स श्रेबर यांचे नाव दिले. संस्थेने मुलांना खेळायला मैदान केले. काही वर्षांनी कार्ल गेझेल या शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला. वाफे आईवडिलांनी हाती घेतले, कुंपणे घातली, आणि त्यातून जी कौटुंबिक बागांची चळवळ झाली ती आज देशभर सुमारे ९ लाख तुकड्यांवर पसरली आहे. श्रेबर स्वतः १८६१ मध्येच वारले होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी बाग त्यांनी कधी पाहिलीच नाही. या कहाणीला मुलांच्या बागेचे अपयश म्हणणे घाईचे होईल. बाग टिकली ती तिथे कायम राहणारी माणसे सापडली म्हणून. ती मुलांची राहिली नाही, हेही तितकेच खरे, आणि त्याचा विचार पुढे करावाच लागतो.

कायम राहणाऱ्या माणसांच्या जोडीला जमिनीची हमी लागते. कौटुंबिक बागांना १९८३ च्या संघीय कायद्याचे संरक्षण आहे: तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नको, खोपटे २४ चौरस मीटरच्या आत हवे, आणि कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून भाडेकराराची मुदत संपवता येत नाही. आवारातल्या सामाईक वाफ्यांना हे कवच सहसा मिळत नाही. विद्यापीठाच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे उद्याच्या इमारतीची जागा असते. बर्लिनच्या मोरित्सप्लाट्झवर २००९ मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेसिनेनगार्टनने म्हणूनच भाज्या क्रेटमध्ये आणि पोत्यांत लावल्या. उचलून नेता येतील अशा. हाइलब्रॉनमध्येही २०१९ चे संघीय उद्यान-प्रदर्शन नेकारकाठच्या जुन्या मालधक्क्याच्या व उद्योगांच्या जागेवर भरले आणि त्यानंतर तिथे वस्ती वाढवायची हे आधीपासूनच ठरलेले होते. अशा जुन्या औद्योगिक जमिनीत थेट पेरण्यापूर्वी माती तपासून घेणे हेही ओघाने आलेच.

यावर आक्षेप असा, की करार, नोंदणी, पदाधिकारी असे सगळे आले की बागेची मजा जाते आणि उरते ती समिती. आक्षेपात तथ्य आहे; बैठका घेऊन कोबी वाढत नाही. तरी जर्मन कायद्याची मागणी फार मोठी नाही. सात सदस्य मिळाले की संस्थेची नोंदणी होते, आणि सदस्य तिघांपेक्षा कमी झाले तरच ती कायदेशीर अस्तित्व गमावते. बदल्यात विद्यापीठाला करार करायला एक कायमस्वरूपी पक्ष मिळतो. उत्साही व्यक्तीशी केलेली तोंडी बोलणी तिच्याबरोबरच निघून जातात.

नेकारसुल्मजवळच, सुल्मच्याच खोऱ्यात, वाइन्सबर्गला १८६८ मध्ये स्थापन झालेली द्राक्ष व फळशेतीची शासकीय संस्था आहे. जर्मनीतील या प्रकारची ती सर्वांत जुनी शाळा. तिथे आउगुस्ट हेरोल्ड यांनी १९२९ मध्ये संकर करून काढलेली केर्नर ही द्राक्षाची जात लागवडीसाठी मान्य झाली १९६९ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या; वेली आणि नोंदवह्या सांभाळल्या त्या संस्थेने. पगारी माळी आला की विद्यार्थ्यांची बाग नावापुरती उरते, असे कोणी म्हणेल. छोट्या वाफ्यांना पूर्णवेळ माळी परवडतही नाही. मात्र तिथून दोन गोष्टी उचलता येतात: दरवर्षी लिहिली जाणारी पेरणीची वही, आणि किल्ली व पाण्याचा नळ यांची जबाबदारी असलेला संस्थेचा एक कायम कर्मचारी.

महाराष्ट्राने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथले श्रम मुलांच्या जेवणाशी आणि शिक्षणाशी जोडलेले होते, म्हणून ते हौसेवर अवलंबून राहिले नाहीत. पुढे याच विचारातून ‘कमवा आणि शिका’ योजना आली आणि अनेक विद्यापीठांनी ती उचलली. तिच्यावरची टीका गंभीर आहे: गरजू विद्यार्थी बागेत राबतो आणि बाकीचे सावलीत बसतात, याला सामुदायिक कसे म्हणावे? वसतिगृहात सगळेच राबत होते, तोवर हा प्रश्न उभा राहत नव्हता. तासांवर मजुरी देणाऱ्या आजच्या योजनेत तो उभा राहतो. म्हणून सुट्टीतल्या पाणी घालण्याला मोबदला द्यावा आणि सत्रातले काम पाळीपाळीने सर्वांनी करावे, हा मध्यम मार्ग अधिक न्याय्य दिसतो.

नेकार खोऱ्यात या सगळ्याचा मेळ घालायला एक अनपेक्षित सोय आहे. ड्युआल होखशूलच्या तुकड्या आळीपाळीने वर्गात येत असल्या, तर दोन्ही गटांतून सदस्य घेतल्यास कोणी ना कोणी हजर राहते. ज्या वेळापत्रकाने बाग मोडायची तेच तिला राखण देते. ऑगस्ट-सप्टेंबरसाठी आसपासचे रहिवासी आणि कारखान्यातले निवृत्त कामगार सदस्य करून घ्यावेत. त्यांचे टोमॅटो तेव्हाच पिकतात. लाइपझिगप्रमाणे बाग हळूहळू त्यांचीच होईल ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे नियमावलीतच निम्म्याहून अधिक वाफे आणि मते विद्यार्थ्यांकडे राखून ठेवणे, आणि कारभार सोपवण्याचा दिवस जुलैत न ठेवता लसूण लावायच्या ऑक्टोबरात ठेवणे, म्हणजे जाणारे आणि येणारे निदान एकदा एकाच वाफ्यावर भेटतात.