प्रकाशानें जागें होणारें औषध

खानदेशांतील वैशाखाचें ऊन प्रसिद्धच आहे. जळगावीं भर दुपारीं डोकें झांकल्याखेरीज सहसा कोणी बाहेर पडत नाहीं. परंतु तेंच ऊन औषधाच्या जोडीनें व्याधिहारकहि होतें, हें वैद्यांस फार पूर्वीं ठाऊक होतें. पांढऱ्या कोडावर बावचीच्या बियांचा लेप लावून तो भाग उन्हांत धरावयाचा, ही आयुर्वेदांतील जुनी रीत होय. गुण येतो तो दोहोंच्या संयोगानें.

पाश्चात्य शास्त्रास हें तत्त्व म्युनिक येथें गवसलें. ऑस्कर राब या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें १९०० सालीं प्रसिद्ध केलें कीं, अ‍ॅक्रिडीन मिसळलेल्या पाण्यांतील सूक्ष्म जीव उजेडांत मरतात आणि अंधारांत जगतात. त्याचे गुरु फॉन टापायनर यांनीं १९०३ सालीं त्वचेच्या कर्करोगावर इओसीन लावून प्रकाशाचा प्रयोग केला. पुढें १९७८ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथील टॉमस डॉहर्टी यांनीं २५ रुग्णांच्या ११३ गाठींवरील अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णास औषध टोंचून गाठींवर तांबडा प्रकाश टाकल्यावर त्यांपैकीं १११ गाठी अंशतः वा पूर्णतः विरल्या. १९९३ सालीं कॅनडानें अशा औषधास मान्यता दिली.

तरीहि एक अडचण राहिली. हें औषध रक्तावाटें सर्वांगांत पसरतें. त्यामुळें रुग्णास निदान महिनाभर उन्हापासून दूर राहावें लागतें. बफेलोच्या हिंवाळ्यांत हें पथ्य साधेल. शेतीवर पोट असलेल्या खानदेशी रुग्णास तें कसें साधावें? शिवाय तांबडा प्रकाश मांसांत फार खोल जात नाहीं. म्हणून औषध अतिसूक्ष्म कणांत कोंडून गाठीपर्यंत न्यावें व तेथेंच प्रकाशानें मोकळें करावें, म्हणजे निरोगी अवयवांस झळ लागणार नाहीं, ही कल्पना पुढें आली.

पवईची आयआयटी व खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था यांच्या शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं या दिशेचें काम प्रसिद्ध केलें. स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांवर त्यांनीं सोन्याचा मुलामा दिला. तांबड्यापलीकडील किरण पडतांच सोनें तापतें आणि त्या उष्णतेनें उंदरांतील गाठ नष्ट होते. पुढें हे कण विघटित होऊन शरीराबाहेर पडतात. अशाच उष्णतेनें पिशवी उघडून आंतील औषधहि सोडतां येतें.

मात्र उंदीर व मनुष्य यांतील अंतर मोठें आहे. १९४१ सालीं उघडलेल्या परळच्या टाटा रुग्णालयाकडे जळगावाहून रेल्वेनें निघणाऱ्या रुग्णास आजहि मुख्य आधार शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधें यांचाच आहे. आणि गाठ जितकी लवकर ओळखली जाईल, तितका तो आधार बळकट. नव्या उपायाची आशा अवश्य बाळगावी. तिच्यापायीं उपलब्ध उपचार मात्र लांबणीवर टाकूं नये.